कुडव्याहून चौपाटीपर्यंत : धावपटूची दोन दिवसांची मुंबई

प्रतिनिधी, गोंदिया

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात जानेवारीतील पहाट धावणाऱ्या पावलांच्या आवाजाने उजाडते. खरिपाचा धान घरात आलेला असतो, बांध्यांवर धुके पसरलेले असते आणि रस्त्याच्या कडेने तरुण मुले-मुली एका लयीत धावत असतात. यांतील बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करणारे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर ठरलेल्या वेळेत पार करायचे असतात. अलीकडे मात्र या गर्दीत वेगळे चेहरेही दिसू लागले आहेत. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, दुकानदार, मुले मोठी झाल्यावर स्वतःकडे लक्ष देण्यास सवड मिळालेल्या गृहिणी. त्यांना कोणत्याही भरतीत उतरायचे नसते. दहा, पंधरा, वीस किलोमीटर धावण्याचा हा सराव चाललेला असतो तो जानेवारीतील तिसऱ्या रविवारसाठी. त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन असते.

मुंबई येथून रेल्वेने सुमारे साडेनऊशे किलोमीटर दूर आहे. शुक्रवारी निघावे, शनिवारी समुद्र पाहावा, रविवारी धावावे आणि सोमवारी दुपारी पुन्हा कामावर रुजू व्हावे, असा बेत अनेकांच्या मनात असतो. हा बेत शक्य आहे का? उत्तर होकारार्थी आहे. मात्र या सहलीतील खरी अडचण वेळापत्रकात नसून शरीरात आहे. थंड प्रदेशात घडलेले शरीर एका रात्रीत समुद्रकाठच्या दमट हवेत जाऊन उभे राहते आणि त्याच्याकडून लगेच सर्वोत्तम कामगिरीची अपेक्षा केली जाते. ही अपेक्षा थोडी खाली आणली आणि शनिवार-रविवारचा क्रम नीट लावला, तर ही सहल संस्मरणीय होते. तसे न केल्यास ती वैद्यकीय तंबूतही संपू शकते.

गाडी दारात, शर्यतही दारात

प्रवासाच्या बाबतीत गोंदियाकर भाग्यवान आहेत. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते. दुपारी निघालेली ही गाडी नागपूर, अकोला, भुसावळमार्गे सुमारे सोळा तासांत, दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. परतीची गाडी त्याच स्थानकातून संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी गोंदिया गाठते. म्हणजे शुक्रवारी अर्धा दिवस आणि सोमवारी अर्धा दिवस, एवढ्या रजेत काम भागते. नागपूरहून विमानाने जाण्याचा पर्याय आहेच. पण ज्या स्थानकात आपली गाडी थांबते त्याच्याच समोर पूर्ण मॅरेथॉनची सुरुवातरेषा असावी, हा योग विमानतळावर उतरणाऱ्याला लाभत नाही.

आरक्षणाचे गणित मात्र लक्षात ठेवावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. जानेवारीतील तिसरा रविवार १५ ते २१ या तारखांच्या दरम्यान येतो. म्हणजे जाण्याचे तिकीट नोव्हेंबरच्या मध्यास काढावे लागते. शर्यतीची नोंदणी त्याच्या कितीतरी आधी उरकलेली असते. पूर्ण मॅरेथॉनसाठी आधीच्या एखाद्या शर्यतीत नोंदलेल्या वेळेचा पुरावा मागितला जातो. त्यामुळे हा बेत जानेवारीचा दिसत असला, तरी त्याची सुरुवात आदल्या पावसाळ्यातच करावी लागते.

शर्यतीची ओळख

आजच्या स्वरूपातील मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा फेब्रुवारी २००४ मध्ये झाली. त्याच वर्षी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या वास्तूला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे ही शर्यत जानेवारीत आली. करोनामुळे २०२१ आणि २०२२ मध्ये ती झाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा इथिओपियाच्या हायले लेमी याने २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत ती जिंकून मार्गावरील विक्रम नोंदवला. २०२५ च्या शर्यतीत निरनिराळ्या अंतरांसाठी मिळून साठ हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती.

महाराष्ट्राच्या गावागावांतील खेळाडूंना या शर्यतीने ओळख दिली. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची ललिता बाबर याच रस्त्यांवर भारतीय महिलांमध्ये सातत्याने आघाडीवर राहिली आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावून दहावी आली. परभणीच्या ज्योती गवते हिनेही येथे भारतीय महिलांच्या गटात यश मिळवले. माण आणि परभणी, दोन्ही समुद्रापासून दूर असलेले कोरडे प्रदेश. तेव्हा कोरड्या हवेतला धावपटू मुंबईत चमकू शकत नाही असे नव्हे. पण या खेळाडू वर्षभर शास्त्रशुद्ध सराव करणाऱ्या होत्या. शुक्रवारच्या गाडीने निघणाऱ्या हौशी धावपटूने त्यांच्या वेगाऐवजी त्यांची शिस्त उचलणे अधिक हिताचे.

थंडी सोडून दमट हवेत

गेल्या काही हिवाळ्यांत विदर्भातील सर्वात कमी तापमानाच्या शहरांमध्ये गोंदियाचे नाव वारंवार आले आहे. पारा १० अंशांच्या खाली उतरणे येथे नवलाईचे राहिलेले नाही. मुंबईत जानेवारीच्या पहाटे तापमान साधारणपणे १७ ते २० अंशांच्या आसपास असते. मुंबईकर त्यालाही थंडी म्हणतात; धावणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा फरक मोठा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वृत्तपत्रांत हवामानाच्या चौकटीत आर्द्रता टक्क्यांत दिलेली असते. गोंदियातील धुक्याच्या पहाटे ती ८० टक्के असू शकते आणि मुंबईत ७५ टक्के. मग गोंदियाची हवा अधिक दमट म्हणायची का? नाही. ही टक्केवारी त्या तापमानाच्या हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या प्रमाणात असते आणि थंड हवेत बाष्प कमी मावते. १० अंशांवरील एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशांवरील हवेत सुमारे १७.३ ग्रॅम. म्हणजे गोंदियाच्या त्या पहाटे प्रत्यक्ष बाष्प साडेसात ग्रॅमच्या आसपास असते आणि मुंबईत तेरा ग्रॅमच्या. टक्का कमी दिसत असूनही मुंबईची हवा जवळपास पावणेदोन पट ओली असते.

याचा धावण्याशी संबंध घामातून येतो. धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ढोबळ हिशेबाने प्रत्येक किलो वजनामागे एका किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलो वजनाचा माणूस २१ किलोमीटर धावला, तर सुमारे १२५० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यांतील साडेनऊशेच्या आसपास निव्वळ उष्णता असते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे केवळ घामावर भिस्त ठेवायची, तर दीड लिटरहून अधिक घाम वाळायला हवा. थंड प्रदेशात उष्णतेचा बराच भाग अंगावरून वाहणारी गार हवाच परस्पर नेते. मुंबईत तो भार घामावर येतो आणि ओल्या हवेत घाम सावकाश वाळतो. अंगावरून निथळून रस्त्यावर पडणारा घाम शरीराला गारवा देत नाही; तो पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो.

समुद्राचा वारा मदतीला येईल, अशीही एक आशा असते. समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा दिवस चढल्यावर, जमीन तापल्यानंतर सुरू होतो. पहाटे जमीन समुद्रापेक्षा थंड असल्याने वाऱ्याची दिशा उलटी, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे असते आणि त्याला जोरही फारसा नसतो. त्यामुळे शहरातील धूर आणि धूळ बराच वेळ खालीच रेंगाळते. गेल्या काही हिवाळ्यांत मुंबईच्या हवेच्या गुणवत्तेविषयी जी चिंता व्यक्त झाली, तिचे हे एक कारण आहे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ही बाब आपल्या डॉक्टरांशी बोलूनच निघावे.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

नव्या हवामानाला शरीर सरावते, पण त्याला वेळ लागतो. घाम लवकर सुटू लागणे, त्यातील मिठाचे प्रमाण कमी होणे, रक्तातील पाण्याचा अंश वाढणे, हे बदल घडण्यास साधारणपणे दहा ते चौदा दिवस जातात.

मराठी मुलखातील धावपटूंनी हे फार पूर्वी अनुभवले आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी जे भारतीय खेळाडू गेले, त्यांच्या निवडीमागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा आणि सर दोराबजी टाटा यांचे पाठबळ होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या काळी युरोपला जायचे म्हणजे बोटीचा प्रवास. हे खेळाडू शर्यतीपूर्वी इंग्लंडमध्ये उतरले आणि तेथे त्यांनी काही काळ सराव केला. प्रवासाच्या संथपणामुळे का होईना, त्यांच्या शरीराला परक्या हवेची ओळख झाली. आजच्या धावपटूला मुंबई सोळा तासांत गाठता येते. शरीराचे वेळापत्रक मात्र तेव्हाचेच राहिले आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला घरचा. शर्यतीपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटेऐवजी दुपारच्या उन्हात, बेताच्या वेगाने पाऊण तास धावावे. विदर्भात जानेवारीत दुपारी तापमान २५ अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे शरीराला घाम गाळण्याची सवय लागते. दुसरा उपाय शर्यतीतला आणि तो अधिक महत्त्वाचा. सरावातील आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा दर किलोमीटरला दहा-पंधरा सेकंद सावकाश सुरुवात करावी. अर्धे अंतर पार पडल्यावर श्वास आणि पाय ठीक असतील, तर वेग वाढवण्यास कोणाची मनाई नाही. सुरुवातीला वाचवलेली ताकद शेवटी कामी येते. सुरुवातीला उधळलेली परत मिळत नाही.

पाणी किती?

'तहान लागण्याआधी प्या, भरपूर प्या,' असा सल्ला अनेक वर्षे दिला जात असे. आता तो बदलला आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले. शर्यतीदरम्यान ज्यांचे वजन वाढले होते, म्हणजे घामापेक्षा अधिक पाणी ज्यांनी पोटात घातले होते, त्यांच्यात हा धोका ठळक होता. सोडियम फार खाली गेल्यास मेंदूला सूज येते आणि प्रसंगी जीवावर बेतते. या त्रासात मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसतात. ती निर्जलीकरणासारखीच भासतात आणि धावपटू आणखी पाणी पितो.

म्हणून तहान हीच खूण मानावी. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी दोन-चार घोट घ्यावेत आणि अधूनमधून क्षार-साखरेचे पाणी प्यावे. धावण्यापूर्वी किंवा धावताना वेदनाशामक गोळी घेण्याची सवय सोडावी. शरीरात पाणी कमी असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. २०२० च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये एका ज्येष्ठ धावपटूचा आणि २०२४ मध्ये दोघांचा मृत्यू झाला. सहभागींची संख्या पाहता असे प्रसंग विरळाच. पण ज्या घरावर ते ओढवतात त्या घराला हा हिशेब दिलासा देत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी तपासणी करून घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये. छातीत दडपण, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, भोवळ, अंगावर अचानक शहारे येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास थांबावे आणि जवळच्या वैद्यकीय मदत केंद्रात जावे. साडेनऊशे किलोमीटर आलो आहोत, आता पूर्ण करूनच थांबू, हा विचार त्या क्षणी सर्वात घातक असतो. लांबून आलेल्यांच्या मनात तो हमखास येतो, म्हणून तो आधीच मनावेगळा करून निघावे.

धावता धावता शहर

या शर्यतीचा मार्ग हीच मुंबईची उत्तम सहल आहे. पूर्ण मॅरेथॉन टर्मिनसच्या परिसरातून सुटून मरीन ड्राइव्हला येते. अर्धवर्तुळाकार किनारा, दिव्यांची रांग आणि एका बाजूला आर्ट डेको शैलीच्या इमारती. फोर्ट परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक आणि या आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे गिरगाव चौपाटी, हाजी अली, वरळी असा किनाऱ्याचा पट्टा येतो. अर्धमॅरेथॉन अलीकडच्या वर्षांत माहीम परिसरातून सुटत आली असून तीही दक्षिणेकडे टर्मिनसच्या दिशेने येते.

वांद्रे-वरळी सागरी सेतू हा या मार्गातील सर्वात वेगळा अनुभव. जून २००९ मध्ये तो खुला झाला आणि पुढल्या वर्षापासून मॅरेथॉनच्या मार्गात आला. सुमारे ५.६ किलोमीटर लांबीच्या या सेतूवर एरवी पादचाऱ्यांना मज्जाव असतो. भर समुद्रात, पहाटेच्या अंधारात, हजारो पावलांचा आवाज ऐकत हा सेतू पायी ओलांडण्याची संधी सामान्य माणसाला बहुधा याच दिवशी मिळते. ती छायाचित्रासाठी मध्येच थांबून मागच्याची वाट अडवण्यात घालवू नये.

सपाट रस्त्यांवर सराव केलेल्या गोंदियाकरांची कसोटी पाहणारी जागा म्हणजे पेडर रोडचा चढ. अनेक आवृत्त्यांमध्ये तो परतीच्या टप्प्यात, पाय थकल्यावर आला आहे. चढ फार मोठा नाही. पण तो चुकीच्या वेळी येतो. येथे पावले लहान करावीत, नजर दहा-पंधरा फुटांवर ठेवावी आणि गरज वाटल्यास चालावे. सराव करताना एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर आठ-दहा फेऱ्या मारण्याची सवय यासाठी उपयोगी पडते. मार्गात वर्षागणिक थोडेफार बदल होतात. म्हणून त्या वर्षीचा नकाशा पाहून चढ आणि पूल कोणत्या किलोमीटरला आहेत ते पाठ करून जावे.

सूर्योदयाचाही फरक ध्यानात घ्यावा. गोंदिया मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्याने जानेवारीत मुंबईतील सूर्य आपल्यापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे उशिरा, सव्वासातच्या आसपास उगवतो. पहाटे पाचच्या सुमारास सुटणाऱ्या अर्धमॅरेथॉनचा बराचसा भाग त्यामुळे अंधारात, तुलनेने गारव्यात पार पडतो. पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्या हौशी धावपटूला मात्र शेवटचे दोन-तीन तास उन्हात काढावे लागतात. मुंबईत पहिल्यांदाच धावणाऱ्याने अर्धे अंतर निवडावे, असे सांगण्याचे हेच मुख्य कारण.

थकवा वाटू लागतो, तेव्हा मदतीला येतात ते मुंबईकर. वस्त्यावस्त्यांतून लोक पहाटे उठून रस्त्याच्या कडेला उभे असतात. कोणी ढोल वाजवत असते, कोणी संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मिठाची चिमूट हातावर ठेवत असते. अनोळखी माणसे पुकारा करून धीर देतात. घाईसाठी ओळखले जाणारे हे शहर त्या सकाळी परक्या माणसासाठी थांबलेले दिसते.

शनिवार पायांसाठी राखावा

सहलीतील सर्वात मोठी चूक शनिवारी होते. सकाळी गाडीतून उतरल्यावर समुद्र दिसतो, सोबत कुटुंब असते आणि गेटवेपासून जुहूपर्यंत सारे एकाच दिवसात पाहण्याचा मोह होतो. संध्याकाळपर्यंत दहा-बारा किलोमीटर चालणे होते आणि रविवारची ताकद शनिवारीच संपते.

शनिवारी एकच काम अनिवार्य आहे. छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे बिब, ताब्यात घेणे. गेली अनेक वर्षे तो वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो आणि शर्यतीच्या सकाळी तो मिळत नाही. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून टर्मिनसहून वांद्रे-कुर्ला संकुल थेट भुयारी मार्गाने गाठता येते. शनिवारी दुपारनंतर तेथे गर्दी वाढते. म्हणून सकाळीच जाऊन यावे. तेथील दालनांत नवे बूट मिळतात. घेण्यास हरकत नाही, पण रविवारी ते पायात घालू नयेत.

मुक्काम शर्यत पाहून निवडावा. पूर्ण अंतर धावणाऱ्यांनी फोर्ट, गिरगाव परिसरात आणि अर्धे अंतर धावणाऱ्यांनी दादर-माहीम भागात राहणे सोयीचे. ठाणे-डोंबिवलीला नातेवाईक असतील, तर तोही मार्ग आहे. शर्यतीच्या पहाटे रेल्वे खास लोकल सोडत आली आहे. त्यांच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात.

दुपारी झोप काढावी. गाडीतील झोप अपुरी झालेली असते आणि रविवारी अडीच-तीनलाच उठायचे असते. म्हणून बुधवार-गुरुवारची रात्रही घरी लवकर झोपून काढावी. आदल्या रात्री उत्सुकतेने झोप लागली नाही, तर घाबरून जाऊ नये. आधीच्या रात्रींची शिदोरी उपयोगी पडते. जेवण ओळखीचे असावे. वरणभात, पोळी, दही, केळे. मासळी, भेळ, पाणीपुरी यांना रविवार दुपार राखून ठेवावी. पोटाचा बिघाड झाला, तर पाय कितीही तयार असले तरी उपयोग नसतो.

पदकानंतरचा समुद्र

शर्यत संपल्यावर लगेच बसून राहू नये. दहा-पंधरा मिनिटे चालावे, ओले कपडे बदलावेत, थोडे खारे आणि थोडे गोड खावे. त्यानंतर मात्र ही दुपार सर्वस्वी धावपटूची. धोबी तलावाजवळ १९०४ पासूनचे क्यानी हे इराणी उपाहारगृह आहे. बनमस्का आणि चहा थकलेल्या माणसाला जशी तरतरी देतो, तशी महागडी पेये देत नाहीत. दादरला मुक्काम असेल, तर प्रकाशचा साबुदाणा वडा. पोट स्थिर झाल्यावर मालवणी जेवण.

मग चौपाटी. समुद्रापासून दूर वाढलेल्या माणसाला भरती-ओहोटीचे आकर्षण असतेच. मऊ वाळूत अनवाणी सावकाश चालावे, घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहावे. पोहण्याचा मोह टाळावा. शर्यतीनंतर स्नायूंना पेटके येण्याचा संभव असतो आणि गुडघाभर पाण्यातही ओढ असते. कुटुंबातील न धावणाऱ्यांसाठी रविवारची सकाळ १९२२ मध्ये खुल्या झालेल्या वस्तुसंग्रहालयाची किंवा गेटवेची. मात्र अनेक रस्ते दुपारपर्यंत बंद असतात. त्यामुळे दुपारी भेटण्याची जागा आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी.

परतीची रात्र

परतीचा प्रवास हा या सहलीतील दुर्लक्षित भाग. लांब अंतर धावल्यानंतर शरीरात पाणी कमी झालेले असते, स्नायूंना सूक्ष्म इजा झालेली असते आणि त्यानंतर सोळा तास एका जागी बसणे किंवा निजणे घडते. पाय सुजतात. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही दीर्घकाळ बसून राहिल्याने वाढतो. म्हणून जागे असेपर्यंत तासातासाने डब्यात फेरी मारावी, घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. आरक्षण करतानाच खालचा बाक मागावा. वरच्या बाकावर चढणे त्या रात्री पेडर रोडपेक्षा अवघड वाटते. एकाच पोटरीत दुखणे, गरमपणा आणि सूज आल्यास गोंदियात उतरताच डॉक्टरांना दाखवावे.

स्नायूंचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक जाणवते. त्यामुळे सोमवारी ठीक वाटले म्हणून मंगळवारी पहाटे पुन्हा रस्त्यावर उतरू नये. आठवडाभर चालणे पुरे.

नागपूर मागे पडते, भंडारा रोड जाते आणि खिडकीबाहेर पुन्हा धानाच्या बांध्या दिसू लागतात. थैलीत एक पदक असते आणि घड्याळात कदाचित ठरवल्यापेक्षा दहा मिनिटे जास्त. ही दहा मिनिटे गमावली, असे मानण्याचे कारण नाही. परक्या हवेत शरीराचे म्हणणे ऐकण्यासाठी ती दिलेली असतात. कुडव्याच्या रस्त्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा धावायला उतरता येते, ते त्यांच्यामुळेच.